गोलाईमागची अर्धी वीट

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती समजावून सांगायला मी नेहमी पुढं सरसावतो. ज्यांना माझी कथा माहीत आहे ते तेव्हा तोंडावर रुमाल धरून हसतात. कारण त्या गोलाईत माझ्याइतका हरवलेला माणूस सबंध गावात दुसरा सापडायचा नाही.

तरी सांगतो. मधोमध देवीचं देऊळ, देवळाला धरून दुकानांची दुमजली गोल इमारत, इमारतीभोवती गोल रस्ता, आणि त्या रस्त्याला चाकाच्या आऱ्यांसारखे सोळा रस्ते फुटलेले. एकावर सोनं, एकावर कापड, एकावर भांडी, एकावर चपला, एकावर मिरची, एकावर गूळ. ज्यानं हे आखलं त्याचं डोकं फार चांगलं असणार. माझ्यासारखी डोकी पुढं इथं राहायला येतील हे काही त्याच्या ध्यानात आलं नसावं.

मी मूळचा कंधारचा. नोकरी नांदेडला, सासुरवाडीही नांदेडलाच, गोदावरीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या साहेबांनी एक दिवस सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "नव्या जिल्ह्यात कोण जातं?" सगळ्यांनी खाली पाहिलं. मी वर पाहिलं, कारण पंखा कुरकुरत होता. साहेबांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. नाही म्हणायला वेळ होता, ते मी नाकारत नाही. पण नवा जिल्हा, नवी कचेरी, नवीकोरी खुर्ची हे सगळं डोळ्यांपुढून तरळून गेलं आणि मी म्हणालो, "जातो की साहेब."

घरी आलो. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. ही भाजी निवडत होती.

"मला विचारलं असतंत तर?"

"आता विचारतो की."

"मग आता मी विचार करते," असं म्हणून ती माहेरी गेली आणि तिनं खरोखरच विचार करायला घेतला. तिचा विचार आणि आमचा दुष्काळ दोन्ही एकाच सुमाराला लांबत गेले.

मध्ये एकदा सासुरवाडीला गेलो. सासरे ओट्यावरच बसले होते. त्यांनी पाणी विचारायच्या आधी नदी विचारली.

"जावईबापू, तुमच्या त्या गावाला नदी कोणती?"

"मांजरा."

"गावातून जाती?"

"गावातून न्हाई. जवळून."

"किती जवळून?"

"बसनं जावं लागतं."

"आणि औंदा तिच्यात काय हाय?"

"वाळू हाय," मी म्हणालो. आणि एवढ्यावर गप्प बसावं की नाही? तर म्हणालो, "पण लई चांगली वाळू हाय."

आतून ही बाहेर आली. तिनं एका दमात निकाल सांगितला. "मी एका रविवारी येते. बाबा सोबत येतील. गाव दाखवा. इथं राहता येईल असं मला वाटलं तर पेटी आणते. नाही वाटलं, तर तुम्ही बदली मागून परत या. ती मिळेपर्यंत मी इथंच." आवाज चढवला नाही, काही नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं बोलणं बांधून टाकलं. बदली परत मिळायची नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते सांगायची हिंमत नव्हती. म्हणजे राहिला तो एक रविवार.

मीही मग इरेला पेटलो. तोवर मी कचेरीच्या आवारात एका सोबत्याच्या खोलीत राहत होतो. पाणी कचेरीच्या हौदाचं, जेवण खानावळीत. टंचाईचे कागद माझ्याच टेबलावरून जात, त्यामुळे दुष्काळ मला तोंडपाठ होता. अंगाला मात्र तो कधी लागला नव्हता. मी त्याच आठवड्यात गोलाईत, गुळाच्या रस्त्यामागच्या एका गल्लीत खोली घेतली. मालक गुळाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांच्या बायकोला आव्वा. अप्पा दिवसभर दुकानात, त्यामुळं किल्ली आव्वांनीच दिली.

"मंडळी कधी येनार?"

"रविवारी."

"बरं. मी बघते," आव्वा म्हणाल्या.

काय बघते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

रविवारी तांबडं फुटताना मी उठलो आणि ती गल्ली पहिल्यांदा हिच्या नजरेनं पाहिली. एका भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसतं भंगार पडलेलं. अर्ध्या विटा, भोक पडलेली बादली, दगड भरलेला डालड्याचा डबा, दगडाखाली दाबलेली एक चप्पल, स्टोव्हचा सांगाडा, फुटक्या रांजणाचा गळा. मला वाटलं, या लोकांना काही सौंदर्यदृष्टी म्हणून नाहीच. आणि आज माझा संसार या गल्लीच्या दिसण्यावर टांगलेला.

अप्पांचा गुळाच्या भेल्या वाहायचा हातगाडा दाराशी उभा होता. मी बाह्या सारल्या आणि एकेक वस्तू गाड्यात भरायला घेतली. उन्हाळ्यामुळे सगळी गल्ली गच्च्यांवर झोपलेली. जागी होती ती फक्त समोरच्या पायरीवरची एक म्हातारी, जिला दिसत नव्हतं.

"कोन हाय रं?"

"गल्ली साफ करून राहिलो, आज्जी."

"कर बाबा. देव तुजं भलं करो."

आशीर्वादानं मला आणखी जोर आला. गल्लीच्या तोंडाशी नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीचं बांधकाम चाललं होतं. राखणदाराला म्हणालो, "भर पाहिजे का?" तो खूश. सगळा माल आम्ही दोघांनी जोत्याच्या खड्ड्यात लोटला आणि वर त्यानं मुरूम ओढला. गल्लीत झाडू मारला. माझ्या हातून एवढं चोख काम त्याआधी झालं नव्हतं, आणि पुढंही झालं नाही. मग आंघोळीला मिळालं तेवढ्या तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन स्टँडवर धावलो.

गाडीतून सासरे आधी उतरले. त्यांनी चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाले, "सपाटच हाय की." ही त्यांच्या मागून उतरली. अंगावर नारळी काठाची साडी, हातात छोटी पिशवी. पेटी नाही. मी पिशवीकडं पाहिलेलं तिनं पाहिलं.

"आधी गाव," ती म्हणाली.

गाव दाखवायची मी पुरती तयारी केली होती. देवीचं दर्शन घ्यायचं, सोन्याच्या रस्त्यावरून भरभर जायचं, कापडाच्या रस्त्यावरून रमतगमत, भांड्यांच्या रस्त्यावर थोडं थांबायचं, मग नाश्ता, मग गुळाच्या रस्त्यानं घर. परतीची वाट चुकू नये म्हणून गुळाच्या रस्त्याच्या तोंडाशी खूण धरून ठेवली होती: केळीचा गाडा, वर लाल छत्री.

देवीचं दर्शन छान झालं. सासऱ्यांनी घंटा वाजवून पाहिली, नांदेडच्या घंटेशी मनात ताडून पाहिली, आणि काही बोलले नाहीत, म्हणजे घंटा चांगली होती. भांड्यांच्या रस्त्यावर ही रेंगाळली. एक कारागीर पितळेच्या घागरीवर कुणा नवरीचं नाव कोरत होता, टक टक टक. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं जमतंय. कापडाच्या दुकानदारानं आम्ही काही घेत नाही हे कळूनही तीन ठाणं उलगडली आणि सासऱ्यांना म्हणाला, "बघायला काय लागतं मामा? बसा, च्या सांगतो." सासरे बसले. नांदेडला असं कुणी बसवत नाही असं नाही, पण ते बसले.

मग सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेले, वर शेंगदाण्याचा कूट, बाजूला तळलेली मिरची. नांदेडलाही मिळतो म्हणून सासऱ्यांनी दोन बशा खाऊन खात्री करून घेतली.

खाताना हिनं सहज विचारावं तसं विचारलं, "पाणी कुठून येतं हो इथं?"

"येतं की."

"पण कुठून?"

"वरून," मी म्हणालो आणि मिरचीचा तुकडा मोडला.

हॉटेलवाल्यानं पुढं ठेवलेला पाण्याचा ग्लास तिनं उचलला, अर्धाच होता, तो पाहिला आणि जपून प्यायली.

उठलो आणि घराकडं निघालो. लाल छत्री दिसेना. म्हटलं पुढं असेल. पुढं गेलो. मिरचीच्या रस्त्याच्या तोंडाशी सासरे शिंकले. मग सोनं आलं, चपला आल्या, बांगड्या आल्या. पुन्हा मिरची आली, पुन्हा सासरे शिंकले. बांगड्यांच्या दुकानात बसलेली बाई आम्हाला तिसऱ्यांदा पाहून म्हणाली, "साहेब, नवस बोललाव का? किती फेऱ्या राहिल्या?"

"केळीचा गाडा बघायलोय," मी तिच्याच बोलीत म्हणालो.

"ऊन फिरलं की गाडाबी फिरतो, साहेब. सावलीत जातो. गाड्यावर खूण ठिवत्यात व्हय कुठं?" मग हिच्याकडं वळून, "आक्का, ह्यांच्यासंगं निघालाव तर भाकरी बांधून आनायची."

ही हसली. त्या दिवसातलं पहिलं हसणं माझ्यावर खर्च झालं. मग तिनं एकच विचारलं, "खोली कशाच्या रस्त्याला आहे?"

"गुळाच्या."

"मग डोळे कशाला पाहिजेत?" ती पुढं झाली. नाक जरा वर करून चालत राहिली. कातड्याचा वास मागं पडला, खळीच्या कापडाचा आला, मग गोड, दमट, माश्या घोंगावणारा वास आला आणि ती त्या रस्त्यात वळली. मी इतके दिवस इथं राहत होतो आणि पाहुण्यासारखा तिच्यामागं चालत होतो. सासरे माझ्या कानाशी म्हणाले, "लहानपणापासून नाक तिखट हाय तिचं." ते कौतुक होतं की मला सूचना, कळलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि गलका ऐकू आला.

कोपऱ्यावर पाण्याचा टँकर उभा. भोवती घागरी, हंडे, बादल्या घेतलेल्या बायकाच बायका, आणि सगळ्या एकाच वेळी बोलताहेत. टँकरवाला पाइप हातात धरून ओरडत होता, "रांग लावा न्हाईतर मी चाललो दुसऱ्या गल्लीत! मला काय, कुठंबी वतायचंच हाय!" पण रांग लागेना. जी पुढं होई तिला दुसरी मागं ओढी.

"काय झालं?" मी मोठ्यानं विचारलं. गल्लीचा नवा रहिवासी म्हणून चौकशी करणं मला माझं कर्तव्य वाटलं.

पायरीवरची म्हातारी ताडकन उठून उभी राहिली. "ह्योच! ह्योच आवाज! पहाटं 'साफ करून राहिलो' म्हनला त्यो ह्योच!"

गलका थांबला. मला आजही वाटतं, तो चालू राहिला असता तर बरं झालं असतं.

आव्वा पुढं आल्या. त्यांनी जे सांगितलं त्यावरून मला कळलं ते असं. टँकर कधी येईल त्याचा नेम नसतो. चांगली घागर रस्त्यावर ठेवली तर चोरीला जाते. म्हणून प्रत्येक घर आपली एक खूण ठेवतं, कुणाची वीट, कुणाचा डबा, कुणाची चप्पल. जी खूण जिथं, तो त्या घरचा नंबर. टँकर आला की आपापल्या खुणेवर जाऊन उभं राहायचं, भांडण नाही, तंटा नाही. खूण कुणी हलवत नाही. दारुडेसुद्धा ती ओलांडून जातात.

"आन तुमी," आव्वा म्हणाल्या, "सगळी गल्लीच झाडून काडली. कुठं हायती विटा?"

मी हात लांब करून बांधकाम दाखवलं. जोत्यावर मुरूम चोपून गुळगुळीत झाला होता.

एक उंच बाई, कमरेवर हंडा घेतलेली, म्हणाली, "कचेरीतले हायत न्हवं हे? म्हनजे आपला नंबर सरकारजमा झाला."

सासऱ्यांनी हिचा हात धरला. "चल पोरी. परतीची गाडी अजून सापडंल. नदी न्हाई ते न्हाई, अन् वर ह्ये." टँकरवाल्यानं पाइप गुंडाळायला घेतला होता, आणि इकडं माझा संसार परत नांदेडला निघाला होता.

हिनं हात सोडवून घेतला. पिशवी बापाच्या हातात दिली, पदर खोचला आणि टँकरवाल्याला म्हणाली, "दादा, थांबा जरा. चहाचे पैसे हे देतील." मग त्या उंच बाईपुढं जाऊन उभी राहिली.

"ताई, तुमच्यापुढं कुणाची खूण होती?"

"माझ्यापुढं? हिची. डालड्याचा डबा."

"मग तुम्ही यांच्यामागं उभ्या राहा. आणि ताई, तुमच्यापुढं?"

"माझ्यापुढं आज्जीची चप्पल."

सगळी रांग कुणालाच पाठ नव्हती. पण आपल्यापुढं कोण हे मात्र प्रत्येकीला ठाऊक होतं, कारण रोज तिच्याच पाठीकडं बघत उभं राहायचं असायचं. ही एकेकीला विचारत गेली, खांद्याला धरून उभी करत गेली, आणि मण्यात मणी ओवावा तशी रांग वाढायला लागली. मध्ये दोघींनी एकाच पाठीवर हक्क सांगितला. तेव्हा मागची कोण ते म्हातारीनं पायरीवरूनच सांगितलं, आवाजावरून. टँकरवाल्यानं गुंडाळलेला पाइप परत सोडला.

आणि मग रांग एका ठिकाणी अडली. पुढच्या बाजूलाच, आव्वांच्या मागं.

"तुमच्यापुढं कोण?" हिनं एका ठेंगण्या बाईला विचारलं.

"नव्या भाडेकरनीची वीट."

"कोण नवी भाडेकरीण?"

"तूच की गं माय," आव्वा म्हणाल्या. "रविवारी येनार म्हनले हे. म्हनून मी आदीच तुझी वीट ठिवली. अर्धी होती, चुन्याची बोटं वडलेली. आल्या आल्या पोरीला पान्यासाठी शेवटाला उभं ऱ्हावं लागू नये म्हनून."

ही माझ्याकडं वळली. "म्हणजे तुम्ही माझीसुद्धा वीट..."

"हो," मी म्हणालो. "ती पहिल्या खेपेतच गेली."

उंच बाईनं मागून आवाज दिला, "ह्यांला कशाला पुढचा नंबर? घोळ ह्यांनीच घातला न्हवं? जाऊ द्या की शेवटाला!" दोघीचौघींनी माना डोलावल्या. त्यात काही चूक नव्हतं. मीही मान डोलावली.

हिनं मात्र डोलावली नाही. "वीट माझी होती, घोळ यांचा आहे," ती म्हणाली. "मी माझ्या विटेच्या जागी उभी राहते. हे शेवटाला उभे राहतील. आव्वा, मला एक घागर द्याल का?"

गल्ली एकदम हसली. उंच बाईसुद्धा. आव्वांनी आपल्या दोन घागरींतली एक तिच्या हातात दिली, आणि ही त्या रिकाम्या जागेत, आव्वांच्या मागं आणि ठेंगणीच्या पुढं, नारळी काठाची साडी सावरून उभी राहिली. मी शेवटी गेलो. मला म्हातारीनं तिची बादली दिली, त्या बादलीला कडी अडकवायचा कान नव्हता.

पाणी सुरू झालं. सासरे पिशवी घेऊन रांगेबाहेर उभे. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरी, गाडी."

"बाबा, नंबर आलाय माझा," ती मागं न बघता म्हणाली.

सासरे अप्पांच्या दुकानात जाऊन बसले, गुळाचा खडा चघळत. माझी पाळी आली तेव्हा टँकरनं शेवटचा खाकरा काढला आणि बादलीत तळाशी तांबूस पाणी आलं, गंजाचं. ते मी कान नसलेल्या बादलीत दोन्ही हातांनी सांभाळत घरी आणलं. ही चूल पेटवत होती.

"काय आणलंत?"

"जे उरलं ते."

"ठेवा. भांडी घासायला होईल."

संध्याकाळच्या गाडीला सासऱ्यांना सोडायला गेलो. खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ऐकवणार. ते म्हणाले, "पेटी मी स्वतः घेऊन येतो. घागरबी आणतो, लग्नातली. नाव कोरलेली हाय, हरवायची न्हाई." गाडी सुटता सुटता ओरडले, "अन् काही झाडू नका!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिनं मला हलवून उठवलं. "वीट आणा."

मी बांधकामावर गेलो. राखणदार दात घासत होता. "राम राम! आज काय आणलंव?"

"आणलं न्हाई. एक अर्धी वीट पाहिजे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काल गाडाभर दिलाव. आज एक मागायलाव?"

"मंडळी राहायला आलीय," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं ढिगातून एक वीट काढून हातोडीनं मधोमध मोडली आणि बरा अर्धा मला दिला. मी तो छातीशी धरून गल्लीत आणला. भिंतीला लागून खुणा परत उगवल्या होत्या, कुठून कुठून शोधून आणलेल्या. आव्वांच्या दगडामागं एक जागा मोकळी ठेवलेली होती. हिनं विटेवर चुन्याची तीन बोटं ओढली, ती जागेवर ठेवली, जरा सरळ केली आणि उभी राहून मला म्हणाली, "आता बघून ठेवा नीट. ही आपली."